रणजोरच्या पिशवीत काय हाय?

"कावळा? आवं, पान ठेवायच्या आधीच येऊन बसंल!"

विजयमालाच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर उतरताना मानसिंगनं सगळ्या भावकीला ठणकावून सांगितलं. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. हळू बोलला तरी पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची! "माझ्या बायकूची एक इच्छा म्हणून मी बाकी ठेवली न्हाई. मागंल ते दिलं, म्हणंल तिकडं नेलं!"

बायको गेल्यापासून त्याच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. पण हे एक वाक्य त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्याच आधारानं तो उभा होता म्हणा ना.

गुरुजींनी पिंड मांडला. शेजारी विजयमालाच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि मिश्रीची डबी. सगळे मागं सरले. समोर करंजाच्या झाडावर कावळा होता. एकच, पण चांगला गलेलठ्ठ! त्यानं पिंडाकडं बघितलं, मग मानसिंगकडं बघितलं, आणि निवांत पंख साफ करायला लागला.

भावकी एकमेकांकडं बघायला लागली.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले.

"राहील कशी?" मानसिंग तडकला.

मेहुणा आप्पासो आटपाडीहून आला होता. तो पुढं झाला. "दाजी, अक्का सारखी म्हणायची, तुमची बुलेट मला द्यावी."

"कवा म्हणली रं?"

"मनातल्या मनात म्हणायची."

"बरं, दिली!" मानसिंग कावळ्याकडं बघून ओरडला. कावळा ढिम्म हलला नाही. "परत घेतली!"

मग मानसिंगनं हात जोडले. "माला, आजपास्नं तंबाखू सोडली." कावळ्यानं जांभई दिल्यासारखी चोच उघडून मिटली. "तुझ्या म्हायेरच्या माणसांस्नी नावं ठेवणार न्हाई." कावळा एक फांदी आणखी वर गेला! तिला बहुधा ते खरं वाटलं नसावं.

गुरुजींना इस्लामपुरात दुसरा विधी होता. ते घड्याळ बघून म्हणाले, "हवालदार, दर्भाचा कावळा करू आणि टेकवू. शास्त्रात सोय आहे."

"न्हाई! गवताचा कावळा चालायचा न्हाई. तिला काय पायजेल होतं ते मला कळलंच पायजे." मानसिंगचा आवाज चिरकला. "एवढी वर्षं संसार केला, गुरुजी. अन मला म्हाईत नसावं?"

तेव्हा मागून शेजारीण हुसेनबी चाचरत म्हणाली, "दादा, एक सांगू? हसू नका. तिला रणजोरच्या पिशवीत काय हाय ते बघायचं हुतं."

"कोण रणजोर? कुठल्या गावचा?"

सून राजेश्वरीनं पदर सावरला. "मामा, तो फोनवरच्या मालिकेतला. राक्षस मारत फिरतो तो. आत्याबाई आणि हुसेनचाची रोज दुपारी बघायच्या."

मानसिंगला आठवलं. एकदा ती म्हणाली होती, "बसा की जरा, लय भारी हाय." त्यावर तो म्हणाला होता, "असल्यांची मी गाळण उडवली असती," आणि उसाला पाणी पाजायला निघून गेला होता.

"काय हाय त्याच्यात एवढं?" त्यानं विचारलं.

"राक्षस काय, कुणीपन मारंल," हुसेनबी म्हणाली. "गंमत बाकीच्या गोष्टीत हाय. त्याला रगत बघितलं की चक्कर येती. म्हणून घाव घालताना डोळं मिटतो."

"आणि कोंबडीला घाबरतो," राजेश्वरी म्हणाली.

"आँ? राक्षसाला न्हाई अन कोंबडीला?"

"लहानपणी कोंबडीनं टोचलंय, दाजी," आप्पासो पटकन बोलून गेला आणि जीभ चावली. हा आप्पासो 'मी फक्त कीर्तन ऐकतो' म्हणून पाहुण्यांत प्रसिद्ध होता!

"खेचराला खाऊ घातल्याशिवाय स्वतः जेवत नाही," आणखी एक आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. गुरुजी! त्यांनी खाकरून जानवं नीट केलं. "कानावर येतं आपलं."

"अन पिशवी?"

"कमरंला बांधलेली आसती," हुसेनबी सांगू लागली. "राक्षसावर जायच्या आधी हात लावतो, पन उघडत कवाच न्हाई. माला म्हणायची, आईच्या हातची माती आसंल. मी म्हणायची, दात हाय कुणाचा तरी. शेवटच्या भागात उघडणार हुती. त्यो भाग परवा आला."

"मग बघितला न्हाई व्हय?"

"सुतकात कोण बघतंय, मामा?" राजेश्वरी म्हणाली.

मानसिंग झाडाकडं बघत राहिला. मग घाटावर फौजी हुकूम सुटला. "लाव फोन! आत्ता, हितंच!"

राजेश्वरीनं पायरीवर फोन टेकवला. आधी चौघं वाकले, मग भावकी वाकली, मग कपडे धुणाऱ्या बायका पिळे तसेच टाकून आल्या. मानसिंग सगळ्यांत पुढं, मांडी घालून. रणजोर डोळे मिटून घाव घालू लागला. "आवं, डावीकडनं! डावीकडनं हाय त्यो!" मानसिंग ओरडला. राक्षस पडला. खेचर आलं. रणजोर दगडावर बसला आणि त्यानं कमरेची पिशवी सोडली. गुरुजींचं इस्लामपूर कधीच मागं पडलं होतं. गाठ सुटली, त्यानं आत हात घातला...

आणि पडद्यावर गोल चाक गरगर फिरायला लागलं.

"हाण तिच्या! रेंज गेली!"

राजेश्वरीनं फोन उंच धरला. आप्पासोनं तो घेऊन नदीत गुडघाभर जाऊन बघितला. चाक फिरतच राहिलं. एवढ्यात हुसेनबी किंचाळली, "दादा, पिंड!"

पान रिकामं होतं. करंजही रिकामं. खालच्या पायरीवर एक कुत्रं मात्र जिभल्या चाटत, डोळे मिटून, फारच समाधानानं पडलं होतं.

"शिवला का?" मानसिंगनं विचारलं. "कुणी बघितलं?"

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. "मी रणजोरकडं बघत होतो," ते पुटपुटले.

तेवढ्यात कावळा ओरडला. तो गुरुजींच्या स्कूटरवर बसला होता आणि त्याच्या चोचीला शेंगदाण्याची चटणी लागली होती. निदान मानसिंगला तरी ती दिसली.

"शिवला!" तो म्हणाला आणि पंच्यानं डोळे पुसले. "कळलं तिला. वरनं रेंजचा काय प्रश्न? पिशवीत काय हाय ते कळलं, अन गेली."

सगळे घाट चढू लागले. मानसिंगचा हात सवयीनं खिशात तंबाखूकडं गेला, स्कूटरवरच्या कावळ्याकडं बघून बाहेर आला. अर्ध्या पायऱ्यांवर तो थांबला.

"राजेश्वरी, घरात रेंज येती न्हवं?"

"येते की, मामा. पण आधी पाहुण्यांची पंगत उठू दे."

"पंगत ऱ्हाऊ दे गं! चल बिगीबिगी." त्यानं मागं वळून एकदा कावळ्याकडं बघितलं. "तिची इच्छा फिटली, आता माझी अडकलीया. आन माझ्या येळला ह्योच बेणं झाडावर आसलं, तर तुमी संध्याकाळपतूर हितंच बसशीला!"