बर्फफोड्याच्या पायांविषयी एकमत

ज्याला आपलं कुठे चुकतं हे ठाऊक असतं, त्याला एक गुरू पुरतो. ज्याला ते ठाऊक नसतं, त्याला सात हजार दोनशे चौदा गुरू लागतात. हे वचन कुठल्या ग्रंथात सापडणार नाही. पण अमेरिकेतल्या डुलुथ या बर्फाळ गावच्या आर्विड स्कोग्लुंडने ते स्वतःच्या देहावर, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचं तर बर्फफोड्याच्या देहावर, सिद्ध करून दाखवलं आहे.

आर्विड पालिकेचा बर्फ लोटणारा ट्रक चालवतो. नोव्हेंबर ते एप्रिल तो गावाचा तारणहार असतो आणि मे ते ऑक्टोबर लोक त्याला रस्त्यात थांबवून "यंदा लवकर पडेल का रे?" असं विचारतात, जणू बर्फाची चावी त्याच्याच खिशात आहे. अशा माणसाला सुपरहिरो सुचला यात नवल नाही. आठ वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने बर्फफोड्या नावाच्या या हिरोच्या कॉमिकची बावीस पानं काढली. बर्फफोड्या दिवसा पालिकेत नोकरी करतो. संकट आलं की छातीवर लोखंडी पातं बांधून निघतो. (ओव्हरटाइम मिळत नाही.)

आता कॉमिक काढणाऱ्या यच्चयावत जीवांना दोन गोष्टी छळतात: हात आणि पाय. इतर कलावंत त्यावर वर्षानुवर्षं साधना करतात. आर्विडने साधना न करता विचार केला. ज्याचे पाय सदैव गुडघाभर बर्फात असतात, त्याचे पाय काढावे लागत नाहीत. ज्याच्या हातांत लोकरीचे जाड मोजे असतात, त्याची बोटं काढावी लागत नाहीत. (अंगठा काढावा लागतो. त्याला इलाज नाही.) म्हणजे बर्फफोड्याचं अनाथपण, त्याची प्रतिज्ञा, गोठलेल्या सरोवरावरचा त्याचा एकाकी वास, ही सारी वीरगाथा मुळात दोन पायांवर उभीच नव्हती. पण कोणती वीरगाथा असते?

आर्विडची इच्छा एवढीच होती की बर्फफोड्या एकदा छापला जावा. खऱ्या कागदावर, मागे किंमत असलेला. त्यासाठी आधी कुणीतरी चित्रं बघून खरं सांगायला हवं होतं, आणि इथेच डुलुथ गाव आडवं आलं.

डुलुथची माणसं देवभोळी आणि लोण्यासारखी मऊ. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असते. देवासमोर खोटं बोलू नये म्हणून जे काही बोलायचं ते लोक खाली येऊन बोलतात. आर्विडने बावीसही पानं तिथे नेली. मिळालेले अभिप्राय पुढीलप्रमाणे. बाहेरगावच्यांच्या सोयीसाठी अर्थ कंसात दिला आहे.

"वेगळंच आहे हं." (वाईट आहे.)

"बरीच मेहनत घेतलेली दिसते." (फार वाईट आहे.)

"मला बाई यातलं काही कळत नाही." (मला सगळं कळलं आहे.)

"कागद चांगल्यातला वापरलास." (देव तुझ्या बायकोला बळ देवो.)

शेवटचा अभिप्राय व्हर्नाबाईंचा. ब्याऐंशी वर्षांच्या व्हर्नाबाई तळघरातली कॉफी आणि लिंबाच्या वड्या सांभाळतात. त्यांनी आर्विडपुढे वड्यांची थाळी धरली.

"घे रे."

"नको, नको."

"अरे, घे की एक."

"खरंच नको, पोट भरलंय."

"तुला म्हणून ठेवलीय मेली."

"बरं, मग अर्धी."

ही इथली रीत आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे. पहिला नकार म्हणजे नमस्कार. दुसरा म्हणजे विनय. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस घेतो, तेही अर्धं. पहिल्याच विचारण्याला हात पुढे करणारा परगावचा समजला जातो आणि त्याच्याबद्दल घरी गेल्यावर फार प्रेमाने बोललं जातं. शिवाय सगळेच अर्धी घेत असल्यामुळे थाळीत शेवटी एक अर्धी उरते, तिची पाव होते, पावाची नखाएवढी होते, आणि ती नखाएवढी वडी व्हर्नाबाई फडक्यात गुंडाळून घरी नेतात. गेल्या चाळीस वर्षांत त्या तळघरात शेवटची वडी कुणी संपवल्याची नोंद नाही.

असो. मूळ पदावर येऊ. अशा गावात खरं कोण सांगणार? म्हणून आर्विड इंटरनेटवरच्या 'शाई आणि स्नायू' या मंडळाचा सभासद झाला. सुपरहिरोंची चित्रं मांडावीत आणि जाणकारांचे अभिप्राय घ्यावेत, हा या मंडळाचा उदात्त हेतू. मंडळाची शिरगणती अशी: एकूण सभासद सात हजार दोनशे चौदा. पैकी चित्रं काढणारे तीनशे बारा. काढायला घेतलेलं चित्र पुरं करणारे एकोणीस. अभिप्राय देणारे सात हजार दोनशे चौदा. जणू एखाद्या देवळात कीर्तनाला सगळं गावच नारदाच्या गादीवर चढून उभं राहावं आणि सतरंजीवर ऐकायला एकटा आर्विड बसावा.

मंडळाच्या घटनेतली दोन कलमं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कलम चार: स्वतःचं एक चित्र मांडण्याआधी दुसऱ्यांच्या तीन चित्रांवर अभिप्राय द्यावा. (त्यामुळे पेन्सिल धरण्याआधीच माणूस समीक्षक होतो. पुष्कळांना तेवढंच पुरतं.) कलम सात: दोष सांगताना आधी स्तुती, मग दोष, मग पुन्हा स्तुती, असा क्रम ठेवावा. या कलमाचं पालन डोळ्यांत पाणी आणणारं आहे. "सही छान आहे. माणूस मेलेल्या घोरपडीसारखा दिसतो. समास उत्तम सोडला आहेस."

आर्विडने तेरावं पान मांडलं. त्यात सरोवरावरचा बर्फ फुटून शाळेची पिवळी बस आत गेली आहे आणि बर्फफोड्या ती दोन्ही हातांनी वर उचलतो आहे. पहिल्याच दिवशी बासष्ट अभिप्राय आले. आर्विडला भरून आलं. बासष्ट माणसांनी इतकं खरं बोललेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

'दंडसम्राट' नावाच्या सभासदाने लिहिलं, की एवढं वजन उचलायला खांदे दुप्पट हवेत. आर्विडने दुप्पट केले. 'हाडवैद्य' म्हणाला, की अशा खांद्यांवर मान बसत नाही. आर्विडने मान काढून टाकली. मानेविना चेहरा छातीत आल्यामुळे पातं खाली सरकवावं लागलं. ते गुडघ्यांवर आलं, तेव्हा 'जुनीशाई' या ज्येष्ठ सभासदाने (चित्रं शून्य, अभिप्राय अकरा हजार) विचारलं, की मूर्ती अशी पात्यामागे लपवण्याचं प्रयोजन काय? कुणी सुचवलं, पाठमोरा दाखव, गूढ वाटेल. पाठमोरा दाखवला. कुणी म्हणालं, पाठ फार बोलते, लांब ने. लांब नेला. लांबून तो तारेचा खांब वाटू लागला, आणि तारेचा खांब सरोवरात कसा, हा प्रश्न रास्तच होता.

पायांबद्दल मात्र मंडळात पूर्ण एकमत होतं: ते दिसले पाहिजेत. आर्विडने तीन आठवडे पायांचा अभ्यास केला आणि ते दाखवले. त्यानंतर मंडळात पुन्हा पूर्ण एकमत झालं.

सत्तेचाळिसाव्या आवृत्तीत पानावर गोठलेलं सरोवर होतं, हवेत तरंगणारी पिवळी बस होती आणि बर्फफोड्या नव्हता. या आवृत्तीवर मंडळ अक्षरशः नाचलं. दंडसम्राटाने कबूल केलं की शरीररचनेत आता एकही चूक सापडत नाही. जुनीशाईंनी 'संयमित' हा शब्द वापरला, जो त्यांनी याआधी एकदाच, एका कोऱ्या पानाबद्दल वापरला होता. आर्विडच्या नावापुढे मंडळाचं मानाचं, तांब्याच्या टाकाचं (म्हणजे लेखणीच्या टोकाचं) चिन्ह लागलं.

त्याने ते पान बायकोला दाखवलं. ब्रिटा दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून तिला तोंडावर बोलायची सवय लागली आहे, असं तिची सासू म्हणते.

"बर्फफोड्या कुठाय?" ब्रिटा म्हणाली.

"तो चौकटीच्या बाहेर आहे. सूचित केलाय."

"मग बस कोण उचलतंय?"

"तेच तर गूढ आहे."

"आर्विड, पोरं घाबरतील रे. आपोआप उडणाऱ्या बसमध्ये कोण बसेल?"

"चिन्ह मिळालंय मला."

"आठ वर्षं माझ्या टेबलावर एक माणूस उभा होता. मोजे घातलेला. मी त्याच्या भोवतीनं भाजी चिरायचे. तो मला आवडायचा." ती उठली आणि कपाटावरून जुन्या बावीस पानांची वही काढून त्याच्यापुढे आपटली. "शनिवारी सेंट पॉल शहरात कॉमिकवाल्यांचा मेळा आहे. न्यूयॉर्कच्या मासिकाची संपादक येतेय, हिवाळी अंकाला आठ पानं कोण देतं ते बघायला. ही वही घेऊन जायचं. त्या सात हजारांना विचारायचं नाही."

"निदान मुखपृष्ठाचं…"

"नाही."

मेळ्यात संपादकबाई रोझलिन फर्टिग यांच्यासमोर एकशे चाळीस जणांची रांग होती आणि प्रत्येकाला तीन मिनिटं होती. रोझलिनबाईंची ख्याती अशी, की तीस वर्षांत त्यांनी कामाखेरीज एक वाक्य बोलल्याचं कुणाला आठवत नाही. आर्विडच्या पुढचे चौघे रडत गेले. पाचवा हसत गेला, पण तो चुकीच्या रांगेत होता.

आर्विडने वही ठेवली. बाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, तेराव्यावर थांबल्या. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. मदतनीस मुलीने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली; पण बाई हसत होत्या.

"मोजे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मी केळ्यांचे घड बघतेय. प्रत्येक हिरोच्या मनगटाला केळ्यांचा घड. आणि या माणसानं मोजे घातलेत. पाय कुठे आहेत याचे?"

"बर्फात," आर्विड म्हणाला.

"सगळ्या पानांवर?"

"आमच्याकडे असतोच तेवढा."

बाईंनी डोळे पुसले, उरलेली पानं शेवटपर्यंत पाहिली आणि पेनाचं टोपण काढलं. "हिवाळी अंकात आठ पानं. जानेवारीत छपाई. करशील?"

आठ वर्षं आर्विड याच क्षणासाठी वाकून बसला होता. आणि त्याच्या मुखातून, आईने शिकवलेलं, आजीने शिकवलेलं, तळघरातल्या कॉफीच्या वाफेत चाळीस पिढ्या मुरलेलं ते पवित्र वाक्य बाहेर पडलं.

"नको, नको. एवढं कशाला? माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत रांगेत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की नको?"

दुसरं विचारणं. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. न्यूयॉर्कची बाई असूनही किती संस्कारी, या विचाराने आर्विडचे डोळे पाणावले, आणि त्याने आयुष्यातला सर्वात सुंदर, सर्वात मनापासूनचा दुसरा नकार दिला. "खरंच नको. तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं."

मग तो मान किंचित कलती करून, 'बरं, मग चार पानं' हे शब्द जिभेवर तयार ठेवून, तिसऱ्याची वाट पाहू लागला.

"पुढचा," रोझलिनबाई म्हणाल्या.

पुढचा न्यू जर्सीचा होता. बाईंचं 'करशील' अजून 'कर'पर्यंतच आलं होतं, तेवढ्यात तो 'हो' म्हणाला. शिवाय आठाच्या जागी दहा पानं मागितली. त्याच्या हिरोच्या दोन्ही मनगटांना पिकलेली, भरघोस केळी होती.

आर्विड वीस मिनिटं टेबलाच्या कोपऱ्याशी उभा होता. वेळ जाऊ शकतो, माणसं कामात असतात. शेवटी मदतनीस मुलीने, "काका, जरा रांगेला वाट द्याल?" म्हटलं, तेव्हा तो बाजूला झाला. पण फार लांब गेला नाही.

गाडीत ब्रिटाने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"आठ पानं करशील का म्हणाल्या."

ब्रिटाने गाडी बाजूला घेतली. "मग? मग तू?"

"नको म्हणालो."

ब्रिटाने इंजिन बंद केलं.

"आर्विड, तू नाही म्हणालास?"

"दोनदाच," आर्विड म्हणाला.

जानेवारीअखेर हिवाळी अंक निघाला. डुलुथच्या दुकानात पाच प्रती आल्या. त्यातली एक आर्विडने घेतली आणि कलम सातप्रमाणे मंडळावर अभिप्राय लिहिला. शाई दाट आहे. हात जरा केळ्यांसारखे वाटतात. कागद चांगल्यातला आहे. रोझलिनबाईंचा पत्ता त्याच्याकडे आहे. एक ओळ लिहून टाक, असं ब्रिटा रोज सांगते. पण न विचारता आपणहून 'हो' कसं म्हणायचं? तशी रीत नाही. बाईंना सवड झाली की त्या विचारतीलच. तो ट्रकमध्येसुद्धा फोन मांडीवर ठेवतो.

वेडा आहे, असं तुम्हाला वाटत असेल. स्पष्ट 'हो' म्हणायला काय जातं, असंही वाटत असेल, आणि ते अगदी खरं आहे. फक्त एक आठवून पाहा. मागच्या लग्नात जिलेबीवाला वाढपी तुमच्या पहिल्याच 'नको'वर विश्वास ठेवून पुढच्या पानाकडे गेला, तेव्हा पानावरचा आडवा हात तुम्ही हळूच काढून घेतलात आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिलात. किती वेळ, ते तुमच्या शेजारी बसलेल्याने मोजलं आहे. त्याने दोन घेतल्या होत्या.