न केलेल्या सहलीतला घोडा

इंग्रजी म्हणजे काय मोठं, ते आपण चार दिवसांत खिशात घालू, असं धर्मराजने बायकोला ठणकावून सांगितलं होतं. शब्द द्यायला त्याचा हात पहिल्यापासूनच सढळ.

तो जासईच्या कंटेनर यार्डात कारकून. दिवसभर ट्रेलरची धूळ खायची आणि संध्याकाळी पनवेलला येऊन ती दारात झटकायची. अशात कंपनीच्या पनवेलच्या ऑफिसात एक जागा निघाली. पंख्याखाली टेबल, स्वतःचा फोन, परदेशी बोटवाल्यांशी बोलायचं काम. ती मिळाली की दिवाळीत महाबळेश्वर, असं त्याने किशोरीला कबूल केलं आणि भरवशावर रजेचा अर्जही टाकून दिला. लग्नापासून तिची सगळ्यांत लांबची सहल म्हणजे उरणला माहेरी. ती बिचारी ट्रंकेतून स्वेटर काढून उन्हात घालून मोकळी झाली.

अडचण एकच होती. निवड करणारे नवे साहेब मद्रासचे. मराठी शून्य, हिंदी त्याहून कमी. समोरच्याचं इंग्रजी जोखायला ते म्हणे 'सुट्टीत कुठे गेला होतात' एवढंच विचारतात आणि शांतपणे ऐकत बसतात.

मग धर्मराजने नवीन पनवेलात एक क्लास गाठला, ऑफिसात कुणाला पत्ता लागू न देता. आपल्या मराठीचं बरं असतं हो, 'त', 'ला', 'वर' शब्दाच्या शेपटीला गुमान लटकतात. इंग्रजीतले इन, ऑन, अ‍ॅट आधीच पुढे येऊन उभे, आणि कोणी कुठे उभं राहायचं याला काही धरबंध नाही. मोटारीत बसलात तर इन, बसमध्ये बसलात तर ऑन. ऑन म्हणजे टपावर का, असं धर्मराजने विचारलं, तर सर म्हणाले, प्रश्न विचारू नका, पाठ करा. त्याला हायसं वाटलं. पाठांतरावर तर तो मॅट्रिक झाला होता! सरांनी 'माझी सुट्टी' हा निबंध हातात ठेवला आणि याने तो रामरक्षेसारखा घोकायला घेतला.

रोज संध्याकाळी किशोरी कोलंबी सोलत ऐकायची. बाय बस निघायचं, अ‍ॅट हॉटेल उतरायचं, ऑन हॉर्स बसायचं, आणि मग 'माय वाइफ फेल ऑफ द हॉर्स.' याचा अर्थ कळल्यावर तिने कोलंबी खाली ठेवली.

"मीच का पडते? तुम्ही पडा की."

"सरांनी तसंच दिलंय. बदललं तर पुढचं विसरायला होतं."

मुलाखतीच्या दिवशी त्याच्याआधी दोघं होती, यार्डातला भगवान आणि टायपिस्ट नीता. भगवान बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्याने. नीता, जिचं अजून लग्नही ठरलं नव्हतं, ती ओठ चावून हसू दाबत बाहेर आली. दोघंही गेली, धर्मराजने मनात म्हटलं आणि शर्टाची इस्त्री सांभाळत आत शिरला.

साहेबांनी अपेक्षित प्रश्न विचारला आणि याची गाडी सुटली. इन मे, बाय बस, अ‍ॅट हॉटेल, सगळं जिथल्या तिथे. साहेब चष्मा काढून ऐकत राहिले. घोडा आल्यावर मात्र त्यांनी हात वर केला आणि पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण केलं. बायको पडली. धर्मराजला आधी कौतुकच वाटलं, काय माणसाची पारख! मग साहेबांनी थंडपणे इंग्रजीत सांगितलं की मिस्टर भगवान यांच्याही मिसेस त्याच घोड्यावरून पडल्या. आणि मिस नीता यांच्याही मिसेस.

तीन माणसं, एक क्लास, तीन वेगवेगळ्या बॅचेस. शहाण्याने इथे खरं सांगून टाकलं असतं. धर्मराज म्हणाला, "येस सर. व्हेरी बॅड हॉर्स."

जागा नीताला मिळाली. तिला तिच्या बायकोबद्दल विचारलं तेव्हा ती खदखदून हसली होती. मग तिने सरळ सांगितलं की सुट्टीत ती कुठेच गेली नाही, सुकापूरला भावाच्या नव्या घराच्या भिंतींवर पाणी मारत होती. इन, ऑन, अ‍ॅट एकही जागेवर नव्हतं म्हणे, पण साहेबांना घर दिसलं.

निदान दिवाळीची रजा तरी द्या, म्हणून धर्मराज पुन्हा आत गेला. साहेबांनी अर्ज परत केला. दिवाळीत बंदरावर कामाची गर्दी, आणि तुम्ही तर मे महिन्यातच सहकुटुंब जाऊन आलात, आता इतरांना जाऊ द्या. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

घरी आला तेव्हा स्वेटर घडी करून ठेवलेला होता. त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हणाला, "साहेबांच्या लेखी तू जाऊन आलीयस."

किशोरीने स्वेटर उचलून ट्रंकेत टाकला.

"बरं. मग मी पडले तेव्हा तुम्ही मला उचललंत तरी का?"

धर्मराजला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं. त्यात दोघं ऑन द वे कणीस खात होती. उचलण्याचं सरांनी काही दिलंच नव्हतं.