आधी सांगायचं, मग काढायचं

मिशी काढायच्या एक महिना आधी म्हात्रेने आम्हा सगळ्यांना मेल टाकलेली. 'पुढच्या महिन्यापासून माझी मिशी उपलब्ध नसेल. ज्यांचं तिच्यावर काही अवलंबून असेल त्यांनी पर्यायी व्यवस्था करावी.' मी म्हटलं, "अरे, तुझ्या मिशीवर कोणाचं काय अवलंबून असणार?" तर म्हणे, "मॅडम, लोक लांबून मिशीवरूनच ओळखतात. आधी सांगायचं, मग काढायचं."

मी ठाण्यातल्या एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका, आमच्या भाषेत बग, शोधण्याचा मला पगार मिळतो. म्हात्रे शेजारच्या खुर्चीवर. मूळचा माजिवड्याचा. भाऊ बिल्डिंगी सांभाळतात आणि हा घरी गेला की स्वतःची लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे हो! रूबी नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला, कोणालाही फुकट वापरता येणारा कोड. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी सूची तो ढीगभर माहितीची करून देतो. शब्द टाकला की नेमकी जागा हजर. कुठल्या कुठल्या देशांतले लोक वापरतात. आमच्या ठाण्याच्या पोराचा कोड! मी तर रिक्षावाल्यालासुद्धा सांगते.

पण त्या आवृत्त्यांचं वेड! प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे. चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला, आणि जुनं काही मोडणार असेल तर पहिला. मोडायच्या आधी एक आवृत्तीभर इशारा द्यायचाच. हाच कायदा घरीही. मी एकदा त्याच्याकडे जेवायला गेलेले. बोंबलाच्या कालवणाचा पहिला घास घेतला आणि हा म्हणाला, "आई, चिंचेऐवजी कैरी? पहिला आकडा बदललास की! सांगितलं का नाहीस?"

"चिंच नव्हती घरान," माउली म्हणाली. "खा गप." मग माझ्याकडे वळून, "लगनाचा इचारला तं बोलतो, अजून चाचणी चालू हाय. सांग गो बाय याला काय ते."

आणि याच माणसाने माती खाल्ली. चौथी आवृत्ती काढताना एक जुनी सोय त्याने न सांगता उडवून टाकली. कोणी वापरत नसणार, असं समजून. वापरणारा जगात एकच निघाला आणि तोही डोंबिवलीत! एक निवृत्त शिक्षक, सोसायटीच्या खोलीत वाचनालय चालवणारे. पुस्तकांची यादी त्यांच्या बायकोने हाताने लिहिलेली. ती गेल्यावर सर सत्तरीत रूबी शिकले आणि ती सगळी यादी त्यांनी कम्प्युटरवर चढवली. त्यांची मेल आली : 'नवी आवृत्ती घेतली आणि शोध बंद पडला. काल एका मुलीला पुस्तक नाही म्हणून परत पाठवलं. ते कपाटातच होतं. रविवारी सभा आहे. पुस्तकं सापडत नसतील तर खोली जिमला द्या, असं सेक्रेटरी म्हणतात.'

म्हात्रेचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, "कळव ना त्यांना, जुनी आवृत्ती परत टाका म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"चूक माझी मॅडम, मग खटपट त्यांनी का करायची?"

शनिवारी सकाळी निघालो. मीही गेले, तपासायला कोणी नको? शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला. तिथे पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता बसला, काढलेली सोय परत घातली, शेवटचा आकडा वाढवला आणि बदलांच्या यादीत साऱ्या जगासमोर लिहिलं, 'न सांगता काढलं. चूक माझी. वाचनालयाची माफी मागतो.' इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढतेय, चूक स्वतःच्या अंगावर घेणारा एक माणूस बघितला नव्हता. ऊर भरून आला माझा.

तेवढ्यात सेक्रेटरी डोकावले. "कलमं बांधण्यावर काही आहे का हो तुमच्याकडे?" अगदी खवचटपणे. सरांनी टाइप केलं. सहावं कपाट, दुसरा कप्पा. सेक्रेटरींनी स्वतः जाऊन पुस्तक काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बरं. जिमचं गच्चीवर बघू."

सरांनी चहा केला. आलं घालून, मोठे कप भरून. जगभरचे लोक म्हात्रेला लिहितात ते काही बंद पडलं की शिव्या घालायला. चहा विचारणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. तो अगदी सावकाश पीत होता.

"चला, आता काही अडचण राहिली नाही," सर हसून म्हणाले. "म्हणजे तुमचं येणंही व्हायचं नाही."

म्हात्रेने बंद केलेला लॅपटॉप परत उघडला. स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "एक बग राहिलाय, सर. पुढच्या शनिवारी यावं लागेल."

"खरंच?" सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं दोनदा तपासलेलं. एकही बग नव्हता.

"हो ना, सर," मी म्हणाले. "चांगला मोठा आहे. दोन-चार शनिवार तरी जातील."