अण्णांची लांबलचक पाटी

काशिनाथअण्णांना गाडीत पुढच्या सीटवर बसवू नये. हे मी अनुभवाने सांगतो. मी नवी गाडी घेतली तेव्हा शेजारी म्हणून त्यांना हौसेने बसवलं, आणि बेंबळी गाव सुटल्यापासून त्यांचं सुरू झालं. "म्हस हाय! ब्रेक! दुसरा गेर! उजवीकडं न्हाय, माझ्याकडं!" मी गांगरून गाडी थेट बाभळीत घातली. म्हैस जागची हललीसुद्धा नाही.

"आता कळलं, गुरुजी," सदऱ्यातले काटे उपसत अण्णा म्हणाले. "कानाला सांगितलं की माणूस गडबडतंय. डोळ्याला सांगाय पायजे."

अण्णांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आठ दिवसांत त्यांच्या घराअलीकडच्या वळणावर पत्र्याची पाटी उभी राहिली: 'पुढं वळण लई वाकडं हाय. हॉर्न वाजवून ते सरळ होत न्हाय. घाई असंल तर कालच निघायचं होतं. डोकं एकच हाय, हेल्मेट घाला.'

लोक भर वळणावर थांबून वाचू लागले. मागचे पुढच्यांवर खेकसू लागले. एक दूधवाला वाचता वाचता कॅनसकट तुरीत शिरला.

"अण्णा, 'पुढे वळण' एवढं पुरे," मी म्हणालो. कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. दोन शब्दांची पाटी लागली, वाहनं निमूट हळू होऊ लागली आणि माझी कॉलर ताठ झाली.

अण्णांचं तोंड मात्र उतरलं. त्यांची लेक सुरेखा बेंबळीच्या दवाखान्यात नर्स. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा अण्णा नको ते बोलले. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. रोज सकाळी ती धाराशिवहून स्कूटीवर येते आणि माहेरासमोरून मान न वळवता जाते.

चार दिवसांनी सकाळी पाहतो तर जुनी लांबलचक पाटी वळण संपल्यावर, सरळ रस्त्यावर, अण्णांच्या फाटकाशी!

"वळण मागं राहिलं की, अण्णा. इथं सूचना कशाला?"

ब्रश पुसत ते म्हणाले, "दोन शब्दाला सुरेखा वळणापुरतीच हळू व्हती, दारात न्हाय, गुरुजी. एवढं वाचायचं म्हटलं की गाडी हळू करती. तेवढंच तोंड दिसतंय."

मी वाकून पाटी पाहिली. पाटीच्या तळाशी एक ओळ अजून ओली होती: 'बाप लई चुकला.'

तेवढ्यात स्कूटी आली. अण्णा लगबगीने फाटकामागे झाले. सुरेखाने पाय टेकवला, पाटी वाचली. पुन्हा वाचली.

मग तिने गाडी बंद केली.