गुंड सोडणार नाही!

"माझ्या लग्नात पोज बंद! जो ताठ उभा राहीन, तो जेवणार नाही!" खुशबूने सिहोऱ्याच्या भर अंगणात जाहीर केलं. आणि खुशबूने जाहीर केलं म्हणजे झालंच, हे गोठ्यातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

कारण तसंच होतं. थोरल्या बहिणीच्या अल्बममध्ये फोटोवाल्याने जावयाला वीतभर करून तिच्या तळहातावर उभं केलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्या अख्ख्या अल्बममध्ये बाबा, म्हणजे गोमाजी, कुठेच हसत नव्हते! गोमाजी धानाच्या बांधावर हसले, की पलीकडच्या शेतातले बगळे उडत. आणि कॅमेरा समोर आला, की तोच माणूस छाती काढून, हात मांड्यांना चिकटवून असा उभा राही, जणू आता हजेरीत नाव पुकारणार! आधार कार्ड हाती आलं तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं होतं, "हा कोण व?"

सासरी जाताना खुशबूला बाबांचा हसरा फोटो हवा होता. एकच! म्हणून तिने भंडाऱ्याच्या कुलदीप फोटोवाल्याला बजावलं, "लपून काढजो. लाइट मारू नोको. कोणाले समजलं नाही पायजे."

"मंग लोक मले फोटोवाला कसे मानतीन जी?"

"नाही मानले तं नाही मानले!"

बिचारा कुलदीप स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड बसला. पडद्याच्या फटीतून कॅमेऱ्याचं नाक तेवढं बाहेर. झकास चाललं होतं. आहेर सुरू होईपर्यंत!

पहिला मान पुष्पाबाई आत्याचा. तिने भंडाऱ्याच्या बाजारातून पाणी भरायचा पितळी गुंड आणला होता, तोही घरी चिंचेने घासून लखलखीत केलेला. तिने गुंड पुढे केला, खुशबूने धरला, आणि आत्याने सोडलाच नाही! इकडे आहेर असाच देतात. एक हात देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, दोघांच्या माना कॅमेऱ्याकडे. लाइट चमकला की मग सोडायचं.

"फोटोवाला कुठी हाय व?"

"हाय आत्या. निंघाला फोटो. सोड."

"लाइट चमकला नाही, तं निंघाला कसा?"

"नॅचरल निंघाला!"

"मंग गुंड बी नॅचरल सुटन तवा सुटन!"

मागे रांग तुंबली. कोणाच्या हातात भिंतीवरचं घड्याळ, कोणाच्या हातात डिनर सेट, एकाकडे तर टेबल फॅन. सगळे आत्याच्याच पक्षाचे! फोटो नाही तर आहेर नाही!

नवरदेव अमर मध्ये पडला. "आत्याबाई, मी मोबाईलवर काढू का?"

"जावईबापू, तुमी नवरदेव आहा, नवरदेवच राहा!"

गोमाजी धावत आले. पण 'फोटो' शब्द कानावर पडताच त्यांचे हात आपोआप मांड्यांना चिकटले. छाती बाहेर! खुशबूच्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तेच हे असे!

"मी पोज देणार नाही!" तिने गुंड आपल्याकडे ओढला.

"मी गुंड सोडणार नाही!" आत्याने स्वतःकडे ओढला.

दोघी एकाच घराण्याच्या. कोण माघार घेणार? पडद्याआड कुलदीप घामाघूम झाला. एकदाचा लाइट मारून टाकला तर भांडण मिटेल, असं त्याला वाटलं, आणि त्याने मारला.

लख्ख!

आत्याने जन्माच्या सवयीने गुंड सोडला. खुशबू मात्र ओढतच होती! ती गुंडासकट सोफ्यात उलटी पडली, पाय वर, गुंड तोंडावर. आणि रांगेतल्या लोकांनीही लाइट बघून सवयीने हातातलं सोडलं! धडाम! खळ्! डिनर सेट पायरीवर फुटला, टेबल फॅन गडगडत मांडवात गेला.

मग गोमाजी हसले. असे हसले, की तलावापलीकडचे बगळे नक्की उडाले असतील. कुलदीपचं बोट बटणावरच होतं.

आता तो फोटो खुशबू-अमरच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये भिंतभर लावलेला आहे. मध्ये गोमाजी, डोळ्यांत पाणी, सगळे दात बाहेर. बाजूला एक लखलखीत गुंड आणि मेंदीचे दोन हात.

"नवरी कुठी हाय?" शेजारणी विचारतात.

"गुंडाच्या मांगं!" खुशबू ठणकावते. "बाबा दिसते ना? मंग झालं!"

दिवाळीला गोमाजी आणि आत्या आले. गोमाजी फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हा मी आहो."

आत्याने मात्र नाकावरचा चष्मा सारखा केला. "सगळं बरोबर हाय. पण याच्यात माहा हात कुठी हाय? गुंड कोनं देल्ला, हे कसं समजन? आन तो गुंड इकडं!"

अमरने मोबाईल काढला. आत्याने गुंडाचा एक काठ धरला, खुशबूने दुसरा. मान वर, हनुवटी खाली. कोणी सांगितलंही नव्हतं!

"आत्या, आता तरी सोड व."

"लाइट चमकू दे पयले!"