मागे बघायचं नाही

जंगलाच्या तोंडाशी गाडी थांबली, टपावरच्या दोन्ही सायकली उतरल्या आणि बाबांनी नियम सांगायला घेतले. पायवाट एकच. नदीच्या काठाकाठाने खाली जायची, लाकडी पुलाशी वळायची आणि झाडीतून चढत परत इथेच यायची.

"तुम्ही पुढे, मी मागे. मागे वळून बघायचं नाही. मागचं बघायला मी आहे. फेरी पूर्ण झाली की निकाल सांगतो."

बाबा असं बोलणार नाहीत तर कोण बोलणार? वाहन परवान्याच्या परीक्षा घेण्यात त्यांची हयात गेली होती. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडायचे, माणसाला आठाच्या आकड्यात फिरवायचं आणि "पुढच्या महिन्यात या" म्हणून वाटेला लावायचं. सख्ख्या मेहुण्यालासुद्धा त्यांनी नापास केलं होतं, आणि मेहुणा पोटापाण्यासाठी बस चालवायचा!

आजचा उमेदवार मात्र लेकीने निवडलेला होता. बाबा हो म्हणेपर्यंत लग्न नाही, असं तिने त्याला बजावलं होतं आणि बाबा कित्येक महिने "विचार करतो" यापलीकडे सरकत नव्हते. पोरात खोट नव्हती. पण लेकीची आई गेल्या वर्षी गेली आणि घरात दोनच माणसं उरली. त्यातलं एक गेलं की रिकाम्या स्वयंपाकघरात एकट्याने चहा प्यायचा, हे बाबांना नको होतं. हे काय चारचौघांत सांगता येतं? त्यापेक्षा परीक्षा घेतलेली बरी.

आभाळ काळवंडलेलं होतं. नदी गढूळ, फुगलेली. 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी होती आणि तिच्या खांबाला कुणीतरी फुलं बांधली होती, ती वाळून काळी पडली होती. लेक गाडीत बसून राहिली.

उमेदवार मान ताठ करून निघाला. पहिला उतार बरा गेला. दुसऱ्या उताराशी बाबांच्या पोटात कळ आली, आणि ही काही थोपवण्यासारखी नव्हती. आता परीक्षकाने उमेदवाराला हाक मारून "थांबा हो, मला जरा झुडपामागे जायचंय" असं सांगायचं? छे! मग धाक कसला राहिला? बाबांनी आवाज न करता सायकल काठच्या गवतात आडवी केली, हेल्मेट काढून शेजारी ठेवलं आणि ते अंतर्धान पावले.

तिकडे पुढच्या वळणावर दगडगोट्यांत सायकल अशी आदळली की उमेदवाराची पाण्याची लाल बाटली उडाली आणि टप्पे घेत नदीत गेली. लेकीने दिलेली बाटली. पडल्याचा आवाज त्याने ऐकला. पण मागे बघायचं नाही म्हणजे नाही! तो तसाच पुढे गेला.

बाबा मोकळे होऊन वळणाशी चालत आले, तर वाटेवर चाक घसरल्याची ताजी खूण, आणि खाली कपारीपाशी तीच लाल बाटली भोवऱ्यात गरगर फिरतेय. पुढे माणूस नाही, सायकल नाही. बाबांनी हाका मारल्या. नदी एवढी गर्जत होती की स्वतःची हाकही त्यांना धड ऐकू आली नाही. बाबांना पोहता येत नव्हतं. तरी ते दगडांना धरधरून खाली उतरले, कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि गळ्यात अडकवलेला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाळा, तो गेला गं! पाण्यात गेला!"

"कोण? बाबा, काय बोलताय?"

"मी मारलं त्याला. कसली परीक्षा न् कसलं काय! अगं, मी हो म्हणणार होतो. आजच सांगणार होतो. पोरगं सोन्यासारखं होतं गं..."

"बाबा, तुम्ही कुठे आहात? पाण्यात आहात का? आधी बाहेर या!"

"वळणाशी, कपारीखाली. त्याला घेतल्याशिवाय येत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लेक गाडीतून उतरली. दाराला धरून ती ढसाढसा रडली. काय करावं, कुणाला बोलवावं, काही सुचेना. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने नाव बघितलं. गेलेला माणूस फोन करत होता.

त्याचं झालं होतं असं, की पुलाशी वाट वळली तेव्हा मान न वळवताही त्याला मागचं दिसलं, आणि मागे कुणीच नव्हतं. थोडं थांबून तो उलटा आला. गवतात बाबांची सायकल, शेजारी हेल्मेट, समोर नदी. कपारीखालचे बाबा काठावरून दिसत नव्हते.

"अगं, काका गेले," तो म्हणाला. मागे तीच नदी गर्जत होती. "सायकल इथे आहे, हेल्मेट आहे, काका नाहीत."

तो जिवंत आहे हेच लेकीला आधी खरं वाटेना. मग एवढा आनंद झाला की ती रडता रडता हसायला लागली. 'अरे वेड्या, बाबा तुलाच शोधतायत' असं ती म्हणणार, तोच तो पुढे बोलला.

"फार वाईट झालं. पण तू खचू नकोस. मी आहे ना. आणि हे बघ, आत्ता बोलू नये, पण... आता आपल्याला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही."

लेकीचे अश्रू जागच्या जागी थांबले.

"तू पाण्यात उतरलास?" तिने विचारलं.

"मी? ओढ बघितलीस का पाण्याला!"

"पाण्याजवळ तरी गेलास?"

"निसरडं आहे गं."

"वळणाशी जा. कपारीखाली बघ. बाबा तिथे आहेत, तुला शोधतायत. हात दे त्यांना," एवढं सांगून तिने फोन ठेवला आणि बाबांना लावला. "बाबा, वर बघा! जिवंत आहे तो!"

दोघे परत आले तेव्हा बाबा लाटांच्या तडाख्यांनी नखशिखांत भिजलेले, दात वाजतायत, आणि एक हात उमेदवाराच्या खांद्यावर. उमेदवाराचे बूटसुद्धा कोरडे होते.

"पोरी, माझा होकार आहे!" बाबा लांबूनच ओरडले. "आजपासून हा माझा मुलगा!"

लेकीने डिकीतला टॉवेल काढून बाबांचं डोकं खसाखसा पुसलं. मग शांतपणे म्हणाली, "माझा नकार आहे."

"अगं, नकार? का?"

लेकीने उमेदवाराकडे बघितलं. त्याने सायकली टपावर चढवायला घेतल्या.

गाडी एकच होती, त्यामुळे परत तिघांना बरोबरच जावं लागलं. लेक गाडी चालवत होती. शेजारी बाबा टॉवेल पांघरून कुडकुडत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या उमेदवाराची वकिली करत होते.

"असा मुलगा शोधून सापडणार नाही, बाळा. माझी काळजी करतेस का? मी राहीन एकटा, त्यात काय एवढं? अगं, मी गेलो असं वाटल्यावर काय अवस्था झाली असेल त्याची! जरा विचार कर. त्याला काय वाटलं असेल, विचार तरी त्याला!"

"काका," मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "राहू द्या ना."