धोंडूआबांची आगगाडी

आमच्या वाडीच्या जुन्या पुलाशी आलात की धोंडूआबा तुम्हाला अडवणार. हात आडवा करून आधी पुढे बघणार, मग मागे बघणार आणि सांगणार, "जरा दम धरा. गाडी येल."

गाडी म्हणजे आगगाडी. आता आमच्या पोलादपूर तालुक्यात आगगाडी नाही. ती बघायची तर महाडच्या पलीकडे वीर स्टेशन गाठावं लागतं. पण पुलावर रूळ आहेत, हे मात्र खरं. दोन्ही जुने, गंजके, डांबरातून डोकं वर काढून बसलेले. रस्त्यावर नवं डांबर पडलं, की आबा कोयती घेऊन ते खरवडून काढतात, रुळांना खोबरेल चोळतात. दसऱ्याला झेंडूही वाहतात.

मी शाळामास्तर. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून संध्याकाळी स्कूटरवरून घरी निघालो, की डोळ्यांपुढे फक्त चहा असतो. आणि पुलावर आबा असतात.

"गुरुजी, आंबेनळीचा घाट चढायच्या आधी विंजिन हितं पानी प्यायचं."

"कधी हो, आबा?"

"तुमच्या आज्याला इचारा."

आजा जाऊन जमाना झाला. पुरावा मागितला, तर आबा काठीने रूळ वाजवून दाखवणार. "रूळ खोटं बोलत नाय." मी मान डोलावतो. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

एका शिमग्याला तर त्यांनी देवाची पालखीच अडवली. पालखी नाचवून भोयांचे खांदे भरून आले होतेच. त्यांना निमित्त हवं होतं, ते थांबले. पुढच्या वर्षी पुन्हा थांबले. मग कुणीतरी तिथे नारळ फोडला. आता रुळांपाशी पालखी थांबवणं हा वाडीचा रिवाजच झाला आहे. मुंबईहून आलेल्या एका पोराने मला विचारलं, "सर, हे कुठल्या देवाचं ठाण हाय?" मी उन्हाने कावलो होतो. म्हटलं, "रूळदेवाचं." तो बिचारा दोन्ही रुळांना वेगवेगळा नमस्कार करून गेला.

यंदा शेजारी नवा पूल झाला. शिमग्याआधी देवळात गावकी बसली. तरुण मंडळींचं म्हणणं, पालखी नव्या पुलावरून न्यायची. रुंद आहे, ढोलवाल्यांना नाचायला जागा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. आबा उठले.

"पालखी जुन्याच पुलावरनं जाल. गाडीला वाट द्यावी लागते."

हशा पिकला. गावकीचे अध्यक्षही कंटाळलेले होते. ते म्हणाले, "आबा, पुरे करा आता. कुटली गाडी नि कसली गाडी?"

आबा खाली बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "गाडी नव्हतीच कदी. पूल बांधताना दगडाची ढकलगाडी चालायची, तिचं रूळ हायत. माझा बापूस ढकलायचा ती. पन पालखी तिथं थांबते, तवा आमचा संतोष खांदा देऊन हुबा रातो. मी बाजूला हुबा रातो. वर्साकाठी तेवडाच जवळ येतो तो."

देवळात कुणी हसलं नाही. संतोष आबांचा एकुलता एक मुलगा. डोंबिवलीला असतो. आई गेली तेव्हापासून बापलेकांचं बिनसलंय. शिमग्याला तो येतो तो चुलत्याकडे उतरतो. पालखी घरोघर जाते, पण आबांचं दार आलं की तो खांदा दुसऱ्याला देऊन मागे सरतो. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. रुळांचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मला फार वाईट वाटलं.

"जुन्या पुलावरनं," अध्यक्ष म्हणाले, आणि बैठक मोडली.

गावकीतलं बोलणं डोंबिवलीला पोचायला एक फोन पुरतो.

शिमग्याला भर दुपारी पालखी जुन्या पुलावर आली. संतोष पुढच्या दांडीला होता. आबा टोपी सारखी करून त्याच्या बाजूला उभे राहिले. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. एरवी लगेच ढोल सुरू होतो. यंदा ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या. भोयांचे खांदे दुखत असणार, पण कुणीही "चला" म्हणेना. ऊन मी म्हणत होतं आणि सगळी वाडी नदीकडे बघत उभी होती.

शेवटी संतोष पुढे बघतच म्हणाला, "आबा, जेवलास काय?"

"नाय अजून," आबा म्हणाले. "भाकऱ्या टाकल्यात. दोघांना पुरतील."